धार कुणाकडे असते

मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या दोघी जणी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. "ताई, आम्हीपण बाजारात बसून रेखाटनं करायचा प्रोजेक्ट घ्यावा म्हणतोय, पण नुसत्या विचारानंच पोटात गोळा येतो. तू कसं निभावलंस?" चहा संपला, भजी संपली, तरी माझं अर्धंच सांगून झालं होतं. उरलेलं इथे लिहिते.

मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला, इलस्ट्रेशन घेऊन. घर गोव्यात, डिचोलीला. प्रोजेक्ट एका ओळीत सांगायचा तर रोजचं जगणं समोर बसून रेखाटायचं, फोटोवरून अजिबात नाही, आणि अशी शंभर रेखाटनं करायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

८ जुलै २०२४ ला मी सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) दिला. शीर्षक मोठ्या थाटात घातलं होतं, 'गोव्याचे दैनंदिन जीवन'. सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, तो उभ्याउभ्याच वाचला आणि विचारलं, "दैनंदिन म्हणजे कुणाचं? कुठल्या वाराचं? किती वाजताचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा खर्डाही परत आला. २६ जुलैला तिसरा मंजूर झाला तेव्हा त्यात चारच गोष्टी उरल्या होत्या: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, चोडण–रायबंदर फेरीबोट, डिचोली–म्हापसा बस आणि आमचं घर. मंजूर खर्ड्याच्या तिन्ही प्रतींवर गाइडची आणि विभागप्रमुखांची सही लागते. एक प्रत सहीशिक्क्यासकट आपल्याकडे ठेवा. मार्चमध्ये "मंजूर विषय नेमका काय होता?" असा प्रश्न निघतोच, आणि तेव्हा ऑफिसातली फाइल सापडत नसते. त्याच दिवशी बोनाफाइडसाठी (कॉलेजची विद्यार्थिनी असल्याचा दाखला) अर्ज टाकला. पन्नास रुपये आणि तीन दिवस. एकदम चार प्रती मागा. मी एकच घेतली आणि नंतर तीनदा रांगेत उभी राहिले.

पहिला शुक्रवार २ ऑगस्टचा. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे बाजारात ताज्या मासळीची गडबड नुकती सुरू होत होती. आणि पाऊस असा की छत्री उघडी ठेवून आत शिरताच येईना. मी सातला पोचले आणि नऊपर्यंत एका खांबाआड उभी राहून टोपल्या काढल्या. टोपल्या, छत्र्या, मयड्याच्या केळ्यांचे घड, माळेसारखे टांगलेले चोरिस (गोव्याचे सॉसेज). माणूस एकही नाही. टोपली वर बघत नाही ना, तेच बरं वाटत होतं.

साडेनऊला लाज वाटून मासळीच्या भागात गेले. एक मावशी आदोळीवर बसून इसवण कापत होत्या. (घाटावरच्या वाचकांसाठी: आदोळी म्हणजे विळी, इसवण म्हणजे सुरमई.) त्यांच्यापासून सहा-सात हात लांब, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर मी टेकले. हात चालायला लागला. पाठीचा बाक, गुडघा, पाटावर रोवलेला पाय, वर खोचलेलं लुगडं. वीस मिनिटांत चित्र झालं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

मावशींनी मला कधीच हेरलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर हात पुसत म्हणाल्या, "दाखय पळोवया." वही पुढे केली. त्यांनी ओल्या बोटाचा स्पर्श न होऊ देता, दोन इंच वरूनच बोट फिरवलं आणि पात्यापाशी थांबल्या.

"धार म्हजे वटेन आसता गो, बाये."

धार माझ्याकडे असते. मी पातं उलटं काढलं होतं, धार पलीकडे. मासळी दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या अंगापासून पात्यावर ढकलतात, तर धार बसणाऱ्याकडेच हवी. माझ्या चित्रातल्या मावशी पात्याच्या पाठीवर इसवण घासत होत्या. शेजारच्या दोघी हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एक बांगडा उचलला, सावकाश पात्याला लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या, समजलं का म्हणून.

मला जे लागलं ते हसण्यामुळे नाही. आमच्या घरी आदोळी आहे. आजी रोज सकाळी तिच्यावर नारळ खवते. वर्षाचे तीनशे दिवस तरी, आणि मी एकवीस वर्षांची. घरी आल्यावर थेट स्वयंपाकघरात गेले आणि आदोळीसमोर बसले. आजी म्हणाली, "आज काय नारळ खवायची हौस आलीय?" धार आजीकडेच होती. नेहमीच होती.

त्या रात्री चित्र खोडायला रबर घेतलं आणि ठेवून दिलं. चित्राच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: 'धार बसणाऱ्याकडे. मासळीवाल्या मावशी, २/८/२४.' प्रोजेक्टचा खरा विषय त्या ओळीत आला होता, पण हे मला कळायला अजून महिन्याहून जास्त काळ जायचा होता.

आता कंटाळवाणा भाग. एका ठिकाणी (कुठलं ते सांगत नाही, आणि बाजार नव्हे) दुसऱ्याच दिवशी गणवेशातल्या माणसानं हटकलं. "परवानगी आहे?" फोटो काढत नाही, चित्र काढतेय, म्हटलं. "तेच. परवानगी." कॉलेजचं ओळखपत्र चालेना. मग अर्ज. त्या कार्यालयाच्या खिडकीवर सांगितलं, कॉलेजच्या लेटरहेडवर आणा. आणलं. मग म्हणाले, जागेचा नकाशा जोडा, कुठे बसणार ते. मी साधा हातानं काढलेला नकाशा जोडला, आणि तो मात्र सगळ्यांना फार आवडला, टेबलावर टेबल फिरला. साहेब साइटवर. साहेब रजेवर. साहेब मीटिंगमध्ये. चार खेपा आणि सतरा दिवसांनी पत्र मिळालं, तीन ओळींचं. नंतर ते कुणीही बघायला मागितलं नाही. तरी बॅगेत कायम होतं आणि ते आहे म्हणून मी ताठ बसायचे, हेही खरं. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. पुढच्या खेपेला तुमचं नाव कुणाला आठवत नाही, आवक क्रमांकावरून मात्र कागद सापडतो.

१६ ऑगस्टला मोठा फटका बसला. येताना बसच्या खिडकीची काच वर सरकेना, असनोड्यापर्यंत पाणी आत येत राहिलं आणि माझी कापडी बॅग मांडीवर. नऊ पानं गेली. वॉटरप्रूफ पेनाच्या रेषा टिकल्या, पण कागद फुगून एकमेकांना चिकटला, आणि पंख्याखाली वाळवलेल्या पानांवर चार दिवसांत करडे ठिपके आले. बुरशी. त्यानंतर कधीच न मोडलेले नियम: वही झिपवाल्या पिशवीत, पिशवीत बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि घरी वही कपड्यांच्या कपाटात, जिथे आई पावसाळाभर झिरोचा बल्ब लावून ठेवते तिथे. पावसात जलरंगाचा हट्ट सोडा. हवाच इतकी ओली की पहिला थर वाळेपर्यंत समोरचं माणूस घरी जाऊन जेवून झोपलेलं असतं. दमट कागदावर महागडं पेनही अडखळतं. दहा रुपयांचं निळं बॉलपेन अडखळत नाही. माझी पहिल्या दोन महिन्यांतली बरी चित्रं सगळी निळी आहेत. परीक्षक त्याला 'रंगयोजना' म्हणाले. मी गप्प राहिले.

७ सप्टेंबरला चतुर्थी. पाच दिवस बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून घर काढलं. काका माटोळी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, फुलं, रानातलं काय काय बांधतात: चिबूड, तोरिंग, आंबाडे, कांगलां, सुपारीचा घोस, नारळ. मी स्टुलावर बसून दोन तास ते एकच चित्र काढलं. काकांनी खाली उतरून पाहिलं, चष्मा वर केला.

"दोर कसला काढलायस?"

"दोरच. सुतळी."

"सुतळी घरात आहे कुठे? केवण आहे ती." आणि माझ्या हातात एक तुकडा दिला. केवणीच्या सालीची पट्टी. चपटी, कडेला किंचित तंतू सुटलेली, ओली असताना मऊ. ती सुतळीसारखी पिळाची नसते. तिची गाठ बसते तीही चपटी बसते. माझ्या चित्रात सगळीकडे गोल, पिळाच्या दोऱ्या होत्या, कारण 'बांधलेलं' म्हटलं की माझा हात आपोआप तसंच काढतो. काकांना म्हटलं, तुम्हीच लिहा. त्यांनी त्यांच्या त्या मोडी वळणाच्या अक्षरात चित्राच्या कडेला लिहिलं: 'केवण. चपटी. आदल्या दिवशी भिजत घालावी.' वर सही ठोकली, जसं काही पंचायतीचा ठराव.

तिथे डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला (चतुर्थीत गाइडला फोन करू नका, त्यांच्याकडेही पाहुणे असतात) आणि विचारलं की ज्याचं चित्र आहे त्याच्याकडून ते तपासून घेतलं आणि दुरुस्ती त्याच्याच हातची पानावर ठेवली तर चालेल का. सर म्हणाले, "चालेल, पण मग चुका लपवायच्या नाहीत. जी झाली ती राहील." तसं ठरलं.

चुका शोधायला मग कुठे जावंच लागलं नाही. आमच्या पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, चित्र घ्या. सकाळी साडेसहाला तो रबरी भोंगा वाजवत येतो. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक. मी त्याला सलग सहा सकाळी, प्रत्येक वेळी जेमतेम दोन मिनिटं काढलं. एका पानावर एकच चित्र, सहा दिवसांत पुरं केलेलं. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, ह्या टोपलीत सगळे उंडेच दिसतात, पोई कुठे? उंड्याला मधोमध चीर असते, पोई चपटी आणि वर कोंडा, कात्रे पावाला कापून पंख फुटलेले, काकणं बांगडीसारखी. मी सगळ्याला 'पाव' म्हणून एकाच वळणानं उरकलं होतं. रोज नाश्त्याला पोई खाते मी.

त्याच्याकडून लिहून घ्यायला गेले तेव्हा आणखी एक अडचण कळली, जी कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नव्हती. चेहरा ओळखू येईल अशा प्रत्येक माणसाची लेखी संमती प्रदर्शनासाठी घ्यायची होती. मी अर्ध्या पानाचा फॉर्म मराठीत आणि देवनागरी कोंकणीत करून नेला. पोदेरानं तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि परत दिला. तो कोंकणीच बोलतो, पण वाचतो रोमी (रोमन) लिपीत. मग वर्गातल्या मैत्रिणीकडून रोमीत फॉर्म करून घेतला. बाजारातल्या काही विक्रेत्या बेळगाव-कारवारकडच्या, त्यांच्यातल्या दोघींना कन्नडच वाचता यायचं. एकीच्या मुलानं फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला आणि तिनं अंगठा दिला. तीन लिप्यांत फॉर्म आधीच करून ठेवा. आणि संमती चित्र दाखवल्यानंतर मागा, आधी मागू नका. आधी कागद पुढे केला की माणसाला सरकारी काम वाटतं, चित्र पाहून झाल्यावर तेच माणूस विचारतं, सही कुठे करू? एकूण एकतीस फॉर्म झाले. चौघांनी नाही म्हटलं. त्यांची चित्रं वहीत आहेत, प्रदर्शनात नव्हती, आणि त्याबद्दल वाद घालायचा नसतो.

ऑक्टोबरपासून फेरीबोट. डिचोलीहून मये करून चोडणला रस्त्यानं जाता येतं आणि तिथून फेरीनं रायबंदर. पायी जाणाऱ्याला तेव्हा तिकीट नव्हतं, त्यामुळे एका सकाळी दहा वेळा इकडून तिकडे केलं तरी खर्च शून्य. चित्रकाराला याहून स्वस्त स्टुडिओ मिळायचा नाही. मांडवीचं पाणी, स्कूटरवर बसूनच पेपर वाचणारी माणसं, रेलिंगला टेकलेल्या शाळेच्या मुली. पार जायला जेवढी मिनिटं लागतात तेवढीच तुम्हाला मिळतात, त्यामुळे हात आपोआप सुटतो. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, बाजारातून नव्हे. बोटीवर सगळेच रिकामे असतात, कुणी कुणाचं गिऱ्हाईक नसतं.

तिथल्या एका कर्मचाऱ्याला मी काका म्हणायचे. बोट धक्क्याला लागली की फाळका (चढउतारासाठीची फळी) खाली सोडायचं काम त्यांचं. त्यांचं चित्र दाखवलं तर त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही. म्हणाले, "ही भरती काय सुकती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. सुकती, म्हणजे ओहोटी असली की पाणी खाली जातं, धक्क्याचा ओला, शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि फाळका त्यावर वेगळ्या कोनात टेकतो. भरतीला तो उतार पाण्याखाली. माझ्या चित्रात शेवाळाचा पट्टा उघडा होता आणि फाळका भरतीचा होता. सकाळी सातला धक्का काढला होता, फाळका दुपारी बाराला पुरा केला होता. मधल्या पाच तासांत नदी हलली, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी लिहिलं फक्त एक शब्द, 'सुकती', आणि फाळक्याखाली एक तिरकी रेघ ओढली. माझ्या चित्रातली ती सगळ्यात ठाम रेघ आहे.

तेव्हापासून प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि भरती-ओहोटी लिहायला लागले, अगदी स्वयंपाकघरातल्या चित्रांवरही, सवयीनं. आजीच्या एका चित्राखाली 'सकाळी ८.१०, भरती' असं आहे.

२१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवदर्शन सुरू झालं, दहा वर्षांतून एकदा येणारं, ते ५ जानेवारीपर्यंत चाललं. रायबंदरच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. मी पहाटेच्या फेऱ्या धरल्या आणि बाकी काळ बसमध्ये घालवला.

बसचं फार सांगत नाही. धावत्या बसमध्ये चित्र निघत नाही. थांब्यावर निघतं, आणि डिचोली–म्हापसा रस्त्यावर थांबे पुष्कळ. हलत्या माणसाची युक्ती एवढीच: काम करणारा माणूस तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. पानावर चार-पाच अर्धवट आकृत्या एकदम सुरू करा, हात वर गेलेली, वाकलेली, वळलेली. ती स्थिती परत आली की त्या आकृतीत भर घाला. कंडक्टर दादांच्या अशा सात आकृत्या एका पानावर आहेत. त्यांनी पाहिलं आणि डावा हात माझ्या नाकासमोर धरला. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत खोचलेल्या, दहाच्या इथे, वीसच्या इथे, पन्नास आणि वर सगळ्यात आत, अंगठ्याच्या बाजूला. मी पंख्यासारख्या पसरून काढल्या होत्या, नाटकातल्या सावकारासारख्या. "अशा धरल्या तर पर्रा येईपर्यंत एक उरायची नाही," म्हणाले. आमची बस पर्र्याला जातच नाही, पण मुद्दा पोचला.

एक जण मात्र हटकून भेटतो, प्रत्येक ठिकाणी. पाठीमागे येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "मारिओसारखं काढ की." गोव्यात हातात पेन घेऊन बसलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागत असणार. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लोटलीचे, तरुणपणी रोज चित्रांची डायरी ठेवायचे, आणि त्यांच्यासारखं काढता आलं असतं तर मी काढलं नसतं का, बाबा? पहिल्यांदा राग आला, नंतर मी "हो, काढते" म्हणायला शिकले.

फेब्रुवारीत गाडी रुतली. चित्रं एकसष्ट झाली होती आणि सगळी एकसारखी दिसायला लागली होती. दोन आठवडे वही उघडली नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, सक्तीनं डाव्या हातानं दहा काढ. काढली. वाईट आली, पण हात मोकळा झाला. याहून मोठं काही घडलं नाही, फक्त मार्चमध्ये रोज दीड चित्र या हिशेबानं धावावं लागलं. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या उत्सवाच्या) रात्रीची आठ चित्रं त्यातलीच, अंधारात काढलेली, कागदही न दिसता. ती सगळ्यात बरी आहेत असं आई म्हणते.

स्कॅनिंगमध्ये पुन्हा एकदा रडले. एका दुकानात शंभर पानं दिली, पानाला बारा रुपये. फाइल घरी उघडली तर चित्रं झगझगीत पांढरी, आणि कडेच्या पेन्सिलीतल्या दुरुस्त्या गायब. मशीन 'ऑटो'वर होतं, त्यानं फिकट रेषा डाग समजून पुसून टाकल्या. काकांची केवण गेली, 'सुकती' गेली. उरलं फक्त माझं चुकीचं चित्र, स्वच्छ. परत गेले, दुकानदारानं सेटिंग बंद करून पुन्हा करून दिलं, पण पैसे अर्धे पुन्हा घेतले. आधी एकच पान स्कॅन करायला सांगा, सगळ्यात फिकट रेषेचं, आणि ते तिथेच मोठं करून बघा. त्याच मापात छापायचं असेल तर ३०० डीपीआय पुरतं, मोठं करायचं असेल तर ६००.

खर्च विचारतात म्हणून सांगते. वह्या तीन, दीडशे जीएसएमच्या, १०२० रुपये. पेनं सहा, ७२०. ब्रशपेन ४५०, आणि ते फुकट गेले, दोनदाच वापरलं. स्कॅन, दुसऱ्या खेपेचे धरून, १८००. माउंटबोर्ड चौदा, २२४०. बांधणी ६५०. येण्याजाण्याचे नऊ महिन्यांत तीन हजारांच्या आसपास, त्यात डबा नेला म्हणून वाचले ते वेगळे. एकूण दहा हजारांच्या जरा आत. माउंटबोर्ड वर्गातल्या चौघींनी मिळून एकदम घेतले असते तर स्वस्त पडले असते, पण ते सुचलं सगळं संपल्यावर.

१५ एप्रिल २०२५ ला पावणेपाचला जमा केलं. मुदत पाचची. २२ तारखेला मांडणी आणि तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई मासळीवाल्या मावशींच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. खालची ओळ वाचली, पुन्हा पातं बघितलं.

"तुला नंतर कळलं होतं, तर बरोबर काढून का नाही लावलंस?"

मी म्हटलं, बरोबर काढलेलं शेजारच्या पानावर आहे, पण ते काढताना मी आदोळीकडे बघत होते. हे काढताना मला वाटत होतं की मी बघतेय. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. दुसरे परीक्षक म्हणाले की पानांवर अक्षरं फार झालीत, रेखाटनाला श्वास घ्यायला जागा नाही, आणि काही पानांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. विशेषतः बसच्या. गुण पुरेसे आले.

आता प्रती वाटायचं चाललंय. फॉर्ममध्ये मीच लिहिलं होतं की प्रत्येकाला त्याच्या चित्राची छापील प्रत मिळेल, म्हणून एकतीस प्रती काढल्या. तुम्ही असं लिहिणार असाल तर तो खर्च आधी धरा, मी धरला नव्हता. मे महिन्यात म्हापशाला पुरुमेंताची धांदल होती, लोक पावसाळ्याची बेगमी करत होते, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलां (आमसुलं), चिंच, मिरच्यांचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. मावशींना त्यांची प्रत दिली. उलट्या धारेची नको म्हणाल्या, बरोबर असलेली दे. तीच दिली. त्यांनी ती पिशवीत घालून, पिशवी दुमडून, पैशांच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवली आणि मला चार बांगडे बांधून दिले. पैसे घेईनात.

तेवीस वाटून झाल्या. आठ अजून आमच्या कपाटात आहेत, बल्बच्या उजेडात. त्यातली एक फेरीबोटीवरच्या काकांची. त्यांची बदली दिवाडीच्या फेरीवर झालीय असं कळलं. सोमवारी सकाळी तिकडे जाते, भरती किती वाजता आहे ते बघून.